नसलेल्या टेकडीची उंची

१४ नोव्हेंबर

आज जेवताना करुणा म्हणाली, "बाबा होते तोवर ते जाऊन येत. आता कोण जाणार? मीच जाईन. मले जागा दाखवा."

कोणती जागा ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. घास ताटात ठेवला अन् उठलो. मग उगाच नळाची तोटी आवळत बसलो. तोटी काही गळत नव्हती.

बोलता येत नाही म्हणून हे लिहून राहिलो. आमची पोरगी सुजाता आठ महिन्यांची असताना गेली. ताप डोक्यात चढला. नऊ वर्षं होऊन गेली. लहान लेकराले आमच्या वस्तीत जाळत नाहीत, पुरतात. अन् पुरायले फक्त माणसं जातात. बायका वस्तीच्या टोकापर्यंत येतात, तिथून परत. करुणाले तं शेजारच्या पंचफुलामावशीनं घरातच धरून ठेवलं होतं. गावच्या टेकडीवर माझ्या बाबांनी खड्डा खोदला अन् मी लेकरू घेऊन उभा होतो. मले फक्त बाबांची पाठ आठवते, खाली-वर होणारी. पुढं आम्ही गाव सोडून सौंसरले राहायले आलो. मी तिथं पुन्हा कधी गेलो नाही. बाबा जात. दर मार्चमध्ये फुलं ठेवून येत अन् करुणाले सांगत, "ठीक हाये व बाई. पळसाच्या बुडाशी, सपाट गोट्याच्या वरतं. मस्त सावली हाये." ती तेवढ्यावर वर्ष काढे.

बाबा यंदा पोळ्याच्या आधी गेले.

१६ नोव्हेंबर

गावाकडे जाऊन आलो. टेकडी अर्धी नाही.

लिहिलं तरी डोक्यात उतरत नाही. उन्हाळ्यापासून कोण्या ठेकेदारानं मुरूम काढणं सुरू केलं म्हणे, रस्त्याच्या कामासाठी. मागचं अंग जसंच्या तसं आहे, झुडपं-बिडपं सगळं. पण गावाकडचं पोट कापून नेलं. लाल-पिवळी भिंत उभी, खाली खड्डा, खड्ड्यात दोन पोकलेन. मुन्शी खुर्ची टाकून बसला होता. त्याले म्हणालो, इथं आमच्या लेकरांना पुरलं आहे. तो म्हणाला, "भैया, कागज पे तो सरकारी पहाड़ी है. और कुछ लिखा नहीं है."

त्याच्या नरड्याले धरावं वाटलं. पण तो खोटं नव्हता बोलत. आमच्या वस्तीनं लेकरं पुरली, त्याची नोंद कोण करणार? मी पांढुर्ण्याच्या ऑफिसात बसून जिल्ह्यातल्या गावांचे नकाशे काढतो. मीही नाही केली.

१७ नोव्हेंबर

करुणाले सांगितलं. रडली नाही. म्हणाली, "अर्धी राहिली ना? मग आपली जागा राहिलेल्या अर्ध्यात हाये का गेलेल्या अर्ध्यात, तेवढं सांगा."

"टेकडीच नाही तं मी काय सांगू, बाप्पा?"

"तुम्ही आभाळातून नकाशे काढता ना? उंटावरून साऱ्या दुनियेच्या शेळ्या हाकता. एक आपलीही हाका."

बाईच्या तोंडाले कुलूप नाही. पण बोलली ते खरं.

२३ नोव्हेंबर

ऑफिसात २०१६चा जुना सॅटेलाइट फोटो होता. टेकडी तेव्हा अख्खी. तो घरच्या लॅपटॉपवर घेऊन आलो. आता फोटो म्हणजे नकाशा नसतो, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, तरी लोकं ऐकत नाहीत. सॅटेलाइट सरळ डोक्यावरून पाहत नाही, तिरपं पाहते. तिरपं पाहिलं की उंच गोष्ट कलते. करुणाले सांगितलं, आपल्या गच्चीवरून समोरच्या पाण्याच्या टाकीचा फोटो काढ, टाकी मागच्या घराच्या छतावर बसलेली दिसंन.

"पण ती तिथं बसली नाही, हे कोणाले माहीत नाही?"

"तुले माहीत आहे. कॉम्प्युटरले नाही. त्याले सांगावं लागते का कोणती जागा किती उंच. मग तो फोटोतला एकेक ठिपका उचलून ज्याच्या त्याच्या जागी ठेवते."

"मग सांगा त्याले," म्हणाली अन् भाकरी टाकायले गेली.

उंचीचे आकडे इंटरनेटवर फुकट मिळतात. अमेरिकेच्या यानानं २००० साली रडारनं जवळपास सारी पृथ्वी मोजली. तीस-तीस मीटरचे चौकोन, प्रत्येक चौकोनाची एक उंची. आपल्या टेकडीचे चौकोन उतरवून घेतले, त्याले रंग दिले, जसं उंच तसा गडद. पडद्यावर टेकडी उभी राहिली. त्या आकड्यांत ती अजून शाबूत आहे. कोणी एक घमेलं मुरूम नेला नाही. काम बाजूले ठेवून मी नुसता तिच्याकडेच पाहत बसलो.

२४ नोव्हेंबर

पळस सापडला. फोटो फेब्रुवारीअखेरचा, म्हणून फुललेला. उतारावर केशरी ठिपका अन् त्याच्या खालच्या अंगाले पांढुरका सपाट गोटा, बैलगाडीएवढा खडक. बाबा म्हणत तसाच.

सुजाता त्या मार्चमध्ये गेली. म्हणजे हा फोटो निघाला तेव्हा ती घरात होती. सॅटेलाइट वरून जाऊन राहिला होता अन् ती खाली पाळण्यात पाय झाडून राहिली असंन. फोटोत आमचं घरही दिसते. छताचा एक चौकोन.

आज एवढंच.

३० नोव्हेंबर

वाचली! जागा वाचली!

फोटो सरळ करून पळसाची जागा काढली, ती राहिलेल्या अर्ध्यात येते. कापलेल्या कडेपासून चांगली आत. मोबाइलवर टाकून सकाळीच टेकडीवर गेलो. त्या जागी एक तोडलेला बुंधा आहे. साल गेलेली, पण पळसाचाच असंन. गोटा दिसला नाही. मशिनवाल्यांनी फोडून नेला असंन, त्याईले काय, गोटा म्हणजे गिट्टी. मी चुन्यानं गोल काढला अन् भोवती छोटे दगड रचले.

इतकी वर्षं दुसऱ्यांचे बांध अन् नाले जागेवर बसवले, आज घरचं काम केलं. येताना अर्धा किलो जिलेबी घेतली. करुणानं पुडा पाहिला अन् तिले न सांगता समजलं.

७ डिसेंबर

काल सहा डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन विहारात गेला, म्हणून आज तिले नेलं. तिनं पांढरी साडी नेसली. मेणबत्ती, फुलं अन् वाटीभर खीर घेतली.

गोलापाशी बसली. मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं. मग हात जमिनीवर ठेवला अन् थोपटायले लागली, लेकराले निजवताना थोपटतात तसं. मी मोबाइलमध्ये पाहत उभा राहिलो, जागा चार मीटर इकडे-तिकडे दाखवून राहिला होता. म्हटलं, झाडामुळं असंन. मग ध्यानात आलं, झाड कुठं आहे?

"बाबा म्हणत सावली हाये," करुणा म्हणाली. "सावली तं नाही."

"पळस तोडला ना त्यांनी."

"अन् गोटा?"

"फोडला असंन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणता तं असंन," म्हणाली अन् पुन्हा थोपटायले लागली. मग आपल्या मनानंच सांगत बसली. सुजू कशी डाव्या कुशीवरच झोपे, टोपी घातली का कशी ओढून फेके, तुमच्याच नाकावर गेली होती म्हणे. मले यातलं अर्धं आठवत नव्हतं. डाव्या कुशीचं तं माहीतही नव्हतं. मी म्हणालो, ऊन वाढून राहिलं, चाल. तरी ती बरीच वेळ बसली.

खीर बुंध्यापाशी ठेवली. परतताना गाडीवर तिनं माझ्या पाठीले डोकं टेकलं. असं ती कधी करत नाही.

२१ डिसेंबर

आता दर रविवारी जाणं होते. करुणा दोन घास जास्त जेवते, शेजारणींशी बोलते. माझीही झोप सुधारली.

आज पंचफुलामावशी आली. तीही आता सौंसरलेच लेकीकडे राहते. डोळ्यानं कमी दिसते, पण जिभेची धार तशीच. दारातूनच म्हणाली, "काय रे संदीप, तुले म्हणे आभाळातून सारं दिसते? मग बायको किती दिवस कुढत होती, ते कसं नाही दिसलं?"

मी हसलो. ती नाही हसली. पाटावर बसली अन् म्हणाली, "माझाही एक हाये तठी. तुह्याहून मोठा राहिला असता. दीड वर्साचा होता. त्याचा बाप सांगे, गोट्याच्या उजव्या अंगाले, बोरीखाली. मले काही कोणी नेलं नाही. बाप गेला, सांगणारा गेला. माहीही जागा काढून दे ना, पोरा."

तिले म्हणालो, मावशी, फोटोत गोटा सापडला आहे, म्हणजे बोर सापडली समज. ती माझ्या तोंडावरून हात फिरवून कडकड बोटं मोडून गेली.

४ जानेवारी

मावशीले तिची जागा दाखवली. आमच्या गोलापासून दहा-बारा पावलांवर तिचा गोल. करुणानं तिचा हात धरून वर चढवलं. मावशीनं पदरातून मुरमुऱ्याचा लाडू काढला अन् मातीवर ठेवला. मग पहिले त्याले शिव्या दिल्या. मेल्या, मले सोडून गेला, एवढी कायची घाई होती तुले? असं बराच वेळ भांडली. भांडून झाल्यावर खूप रडली. उतरताना म्हणाली, "आज अंग हलकं झालं व माय. आता मरायले मोकळी."

करुणा म्हणाली, "अभद्र नका बोलू, मावशी." पण हसत होती. मीही मनातल्या मनात माझी पाठ थोपटली, हे लपवत नाही. इतक्या वर्षांत माझ्या कामानं कोणी रडलं नव्हतं.

१९ जानेवारी

ऑफिसात आमच्या उर्वशी मॅडम छिंदवाड्याच्या. कामाले कडक, पण मनानं चांगल्या. आज एका नव्या भागाचं काम आलं, त्याले जमिनीवर मोजलेले खुणेचे बिंदू नव्हते. मी नुसता फोटो अन् इंटरनेटवरची उंची घेऊन सरळ केला. जुन्या नकाशावर ठेवला तं रस्ता संत्र्याच्या बगिच्यातून गेला अन् विहीर रस्त्यावर आली. मॅडमनं मागून वाकून पाहिलं. "संदीपजी, हाइट समुद्र वाली डाल दी क्या? बदली नहीं?"

मी म्हणालो, बदली म्हणजे?

त्यांनी समजावलं. इंटरनेटवरची उंची समुद्रापासून मोजलेली असते. सॅटेलाइटच्या फोटोसोबत जे आकडे येतात, ते मात्र हिशोबासाठी मानलेल्या एका गुळगुळीत पृथ्वीपासूनची उंची मागतात. आपल्या भागात त्या दोहोंत साठ-एक मीटरचा फरक पडते. तो फरक काढून टाकायले सॉफ्टवेअरात एक छोटी खूण करावी लागते. नाही केली तं फोटो जेवढा तिरपा, तेवढं सारंच्या सारं बाजूले सरकते, पंचवीस-तीस मीटर.

"अपने यहाँ तो बिंदु रहते हैं, वो खींच के ठीक कर देते हैं, इसलिए आप लोगों को पता नहीं चलता," मॅडम म्हणाल्या. "घर पे अकेले करोगे तो फँसोगे."

त्या हसत म्हणाल्या. मी टेकडी घरी एकट्यानंच काढली होती.

२० जानेवारी

खूण केली. पुन्हा काढलं. पुन्हा पुन्हा काढलं. घडीघडी तेच.

पळस खड्ड्यात येतो. खड्ड्यातही नाही. खड्ड्याच्या तळाच्या वर, हवेत. उंचीचा आकडा म्हणते इथं जमीन आहे, अन् तिथं जमीन नाही. मावशीची बोरही तिथंच, बाजूले, हवेत.

तो बुंधा पळसाचा नव्हता. मले पहिल्या दिवशीच समजायले पाहिजे होतं. पळसाचा बुंधा मले ओळखता येत नाही का? खेड्यात वाढलो मी!

२१ जानेवारी

काही नाही.

१ फेब्रुवारी

आज रविवार, दोघींना घेऊन गेलो. करुणा थोपटून राहिली होती, मावशी भांडून राहिली होती. मी खाली गाडीपाशी थांबलो. वर जायची हिंमत झाली नाही. घरी येऊन उगाच करुणावर खेकसलो, का भाजीत मीठ नाही. मीठ होतं.

"तुमचं काय बिनसलं?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणता तेव्हा लय काही राहते," म्हणाली.

८ फेब्रुवारी

सांगितलं.

ती दारात बसून संत्रं सोलत होती. मी सगळं सांगितलं. समुद्र, गुळगुळीत पृथ्वी, साठ मीटर. मधातच तिनं हात वर केला. "ते राहू द्या. मुद्द्याचं सांगा. तिथं नाही ना ती?"

"नाही."

"मग कुठं?"

"खड्ड्यावर. हवेत. आता खड्ड्यात उभं राहिलं तं आपल्या डोक्यावर, नारळाच्या झाडाएवढी उंच."

तिनं संत्र्याच्या फोडी वाटीत नीट लावून ठेवल्या. मग म्हणाली, "दोन महिने मी कोणाले थोपटून राहिली होती वो?"

मग ती रडली. नऊ वर्षांत माझ्यासमोर अशी रडली नव्हती, सासरचे काय म्हणतील, बाबा काय म्हणतील, असं करून गिळतच राहिली होती. आज तोंडात पदर न घालता रडली. मीही रडलो. लेकरू घेऊन उभा होतो त्या दिवशीही मी रडलो नव्हतो, माणसांत रडत नाहीत म्हणून. आज दोघं दारातच बसून रडलो अन् गल्लीतल्यांनी पाहिलं. पाहू दे.

मग तोंड धुऊन आली अन् म्हणाली, "मावशीले सांगायचं नाही."

"मग ती चुकीच्या जागी—"

"तिचा चाळीस वर्षांनी जीव निवला. तुमच्या खुणेसाठी पुन्हा पेटवता का? माझं मी पाहीन. तिले तिथंच भांडू द्या."

मले हे पटलं नाही. नकाशा चूक असला का चूक म्हणावं, असं माझं म्हणणं. पण माझं म्हणणं मांडायले आज तोंड नव्हतं.

निजायच्या आधी तिनं विचारलं, "तिथली माती कुठं नेली त्याईनं?"

"माहीत नाही."

"विचारा."

१५ फेब्रुवारी

मुन्शीले विचारलं. या वेळेस त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. बहुतेक माझा चेहरा पाहून. म्हणाला, कापलेल्या अंगाचा सारा माल पांढुर्णा रोडवरच्या नव्या पुलाच्या भरावात गेला. दोन्ही बाजूंनी रस्ता उंच केला आहे ना, त्यात.

त्या पुलावरून मी रोज ऑफिसले जातो. पावसाळ्यापासून रोज. भराव मस्त दाबला म्हणून एकदा मी बसमध्ये कोणाजवळ तारीफही केली होती.

करुणाले सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "रोज जाता?"

"रोज."

ती उठून आत गेली. मले वाटलं, विषय संपला.

७ मार्च

मावशीचे डोळे दाखवायले पांढुर्ण्याले न्यायचं होतं. तिची लेक कामावर जाते, म्हणून करुणा निघाली. मीही त्यांच्यासोबत बसनं. शनिवार, सौंसरच्या स्टँडवर जामसांवलीच्या देवळात जाणाऱ्यांची ही गर्दी! तरी आमच्या बसमध्ये तिघांची एक सीट मिळाली. खिडकीपाशी करुणा, मधात मावशी, कडेले मी.

मावशी सारा रस्ता बोलत होती. उद्या रविवार आहे, पोराले लाडू न्यायचा आहे, डॉक्टरनं डोळ्यावर पट्टी बांधली तं टेकडीवर चढायचं कसं, अन् चढलं नाही तं तो मेला रुसंन. करुणा हो ला हो करत होती.

पूल जवळ आला. बस भरावावर चढायले लागली. करुणानं चपला काढल्या अन् दोन्ही पाय वर सीटवर घेतले. मी म्हणणार होतो, का हे काय, लोकं पाहून राहिले. तेवढ्यात ती मावशीले म्हणाली, "मावशी, पाय वर घ्या."

"काहून व?"

"खाली पत्रा तापला हाये. चटका बसंन."

"मले तं काही लागून नाही राहिलं."

"घ्या ना, मावशी. माझ्यासाठी घ्या."

मावशीचे गुडघे वाकत नाहीत. करुणा खाली वाकली, मावशीच्या पायातल्या चपला काढल्या, एकेक पाय दोन्ही हातांनी उचलला अन् आपल्या मांडीवर घेतला. मावशी लाजली. "व माय! पोरीच्या मांडीवर पाय ठेवू का मी? लोकं काय म्हणतील?"

"पूल गेला का खाली ठेवा."

"पुलाचं काय मधातच?" मावशी हसली. "पागल झाली का व तू?"

कंडक्टर मागून ओरडला, "ओ दीदी, पैर नीचे!" करुणानं मान वळवली नाही. तिचा हात मावशीच्या पायावर होता, हळूहळू थोपटत.

मी पाय कुठं ठेवावे, मले समजेना. बूट काढायले वेळ नव्हता. ते तसेच जमिनीपासून उचलून धरले, समोरच्या सीटले गुडघे टेकवून. मांड्या भरून आल्या, कापायले लागल्या. पूल आला, गेला. मग पलीकडचा भराव, तोही लांब. मी पाय खाली टेकू दिले नाहीत. बस उताराले लागून शेताच्या बरोबरीनं आली.

"झालं," करुणा म्हणाली, अन् मावशीचे पाय हळूच खाली ठेवून दिले.